कमांड लाइन शिकायची किती? राउटर-स्विचच्या कॉन्फिगरेशनचा आढावा

राउटर किंवा स्विचच्या कन्सोल पोर्टला केबल जोडायची, लॅपटॉपवर पुट्टी उघडून वेग ९६०० बॉड ठेवायचा आणि एंटर दाबायचं. काळ्या खिडकीत उपकरणाचं नाव उमटतं आणि त्यापुढे एक कोनाची खूण. नेटवर्क इंजिनिअरचं शिक्षण गेली तीन दशकं इथूनच सुरू होत आलं आहे. या खिडकीचे दिवस भरले, असं सांगणारेही निदान पंधरा वर्षांपासून आहेत. नेटवर्क आता प्रोग्रामने किंवा क्लाउडमधल्या डॅशबोर्डवरून चालवायचं, हाताने कमांड टाइप करणं ही सरलेली कारागिरी, असं त्यांचं म्हणणं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला आणि त्याला शिकवणाऱ्याला यातून वाट काढणं सोपं नाही.

वाद कुठून आला आणि आज कुठवर पोहोचला, ते क्रमाने पाहू. माझं एक निरीक्षण आधीच सांगून ठेवतो. कमांड लाइन या एका नावाखाली दोन वेगळी कौशल्यं मोजली जातात. उपकरणाला काय करायचं ते सांगणं हे एक, आणि उपकरण या क्षणी काय करतंय ते त्याला विचारून उत्तर वाचणं हे दुसरं. पहिलं काम हळूहळू यंत्रांकडे चाललं आहे, यावर आज फारसे मतभेद उरलेले नाहीत. दुसऱ्याबद्दल मात्र कोणी नीट बोलत नाही.

ही भाषा आली कुठून

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४मध्ये सिस्को ही कंपनी काढली, आणि १९८६मध्ये तिचा पहिला राउटर बाजारात आला. त्यावरची कमांड लाइन घडवण्यात कंपनीचा सुरुवातीचा अभियंता कर्क लॉघीड याचा मोठा वाटा होता. त्या पिढीतले लोक डेक कंपनीच्या टॉप्स-२० या प्रणालीवर वाढलेले. अडलं की प्रश्नचिन्ह टाइप करायचं आणि पुढे काय चालेल याची यादी मिळवायची, शब्द अर्धवट लिहिला तरी अर्थ एकच निघत असेल तर तो स्वीकारला जायचा, या सोयी तिथल्याच. म्हणून आजही ‘कॉन्फिगर टर्मिनल’ असं पूर्ण कोणी लिहीत नाही, ‘कॉन्फ टी’ पुरतं.

रचना पायऱ्यांची आहे. कोनाची खूण दिसते तेव्हा फक्त थोडंफार पाहता येतं. ‘एनेबल’ म्हटल्यावर हॅशची खूण येते, म्हणजे सगळं पाहण्याची आणि बिघडवण्याचीही मुभा मिळाली. त्यापुढे जागतिक कॉन्फिगरेशन आणि त्याच्या पोटात एकेका पोर्टचं, एकेका प्रोटोकॉलचं. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते प्रॉम्प्ट सतत सांगत असतो. नवख्याच्या निम्म्या चुका तो प्रॉम्प्ट न वाचण्यातून होतात.

ही बोली जगभर पसरली ती सिस्कोच्या परीक्षांमुळे आणि शिकवणीमुळे. १९९३मध्ये सीसीआयई, १९९७मध्ये नेटवर्किंग अकॅडमी, १९९८मध्ये सीसीएनए. एका कंपनीच्या कमांड पाठ असणं हीच नेटवर्क येण्याची खूण ठरली. मग इतर कंपन्यांनीही आपली उपकरणं त्याच वळणावर बोलती केली, कारण ग्राहकाकडचे लोक तेवढंच शिकून आलेले असत. यातून खटले झाले. २००३च्या जानेवारीत सिस्कोने हुआवेवर दावा लावला. त्यात मूळ प्रोग्रामबरोबर कमांड लाइनची नक्कल केल्याचाही आरोप होता. तो २००४मध्ये मिटला. आजच्या हुआवे उपकरणांवर ‘शो’ऐवजी ‘डिस्प्ले’ आणि ‘नो’ऐवजी ‘अनडू’ म्हणावं लागतं. दुसरा खटला डिसेंबर २०१४मध्ये अरिस्टाविरुद्ध. पाचशेहून अधिक कमांड उचलल्याचा आरोप होता. डिसेंबर २०१६मध्ये ज्युरीने अरिस्टाचा बचाव मान्य केला. या कमांडचे शब्द त्या क्षेत्रात अपरिहार्यपणे तसेच येणार, असा त्या बचावाचा आशय होता. कंपन्यांमधले इतर वाद धरून प्रकरण शेवटी ऑगस्ट २०१८मध्ये, अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन, संपलं. कमांडची भाषा कोणाच्या मालकीची, याचं निःसंदिग्ध उत्तर त्यातून मिळालं नाही. पण ही भाषा उद्योगाची सामाईक बोली झाली आहे, हे कोर्टाच्या कागदावर आलं.

ज्युनिपर या दुसऱ्या राउटर कंपनीने वेगळी वाट धरली. १९९८च्या जुनॉस या तिच्या प्रणालीत बदल आधी कच्च्या मसुद्यात लिहायचे आणि ‘कमिट’ म्हटल्यावरच ते लागू व्हायचे, अशी सोय होती. सिस्कोच्या मूळ प्रणालीत ओळ लिहून एंटर दाबला की ती त्या क्षणी लागू होते. हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

‘बेसिक’ म्हणजे नेमकं काय

पुस्तकांमधली यादी ठरलेली असते. उपकरणाला नाव देणं, पासवर्ड घालणं, टेलनेट बंद करून एसएसएच चालू करणं, पोर्टला आयपी पत्ता देऊन ‘नो शटडाउन’ म्हणणं, व्हीलॅन बनवणं, दोन स्विचमध्ये ट्रंक जोडणं, स्थिर मार्ग लिहिणं, ओएसपीएफ उभं करणं, अ‍ॅक्सेस लिस्ट लावणं आणि शेवटी सगळं साठवणं. पंधरवड्यात हे हाताला बसतं. खरी अडचण कमांड आणि तिचा परिणाम यांच्यामधल्या जागेत असते.

ट्रंकचं उदाहरण घ्या. दोन स्विचमधल्या ट्रंकवरून, म्हणजे अनेक आभासी जाळी (व्हीलॅन) एकत्र नेणाऱ्या दुव्यावरून, व्हीलॅन १० आणि २० जात आहेत आणि आता ३० हवा आहे. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ अशी ओळ लिहिली, तर ३०ची भर पडत नाही. आधीची यादी पुसली जाते आणि एकटा ३० उरतो. भर घालायची तर मध्ये ‘अ‍ॅड’ हा शब्द हवा. वाणसामानाच्या यादीत खाली एक ओळ लिहिणं आणि यादी फाडून नवी करणं यात जो फरक, तोच. शिवाय आपण ज्या व्हीलॅनमधून स्विचवर शिरलो तोही पुसल्या गेलेल्यांत असेल, तर आपली खिडकीही तिथेच गोठते. उपकरण कुठलीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी कमांड बरोबर आहे. जुनॉसमध्ये याच हेतूने लिहिलेली ‘सेट’ची ओळ मात्र यादीत भरच घालते. म्हणजे एका कंपनीच्या उपकरणावर अंगवळणी पडलेली सवय दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर उलटते. नेटवर्कवाल्यांच्या गप्पांत हा ‘अ‍ॅड’ हमखास निघतो. प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी तो विसरलेला असतो.

दुसरी जागा चालू आणि साठवलेल्या कॉन्फिगरेशनची. आपण केलेले बदल चालू प्रतीत असतात. वीज गेली आणि ते साठवलेले नसतील, तर उपकरण जुन्या रूपात उठतं. हा तोटा वाटतो, पण दूरवरच्या उपकरणावर जोखमीचा बदल करणारे याचाच आधार घेतात. आधी ‘रीलोड इन १०’ लावून ठेवायचं, मग बदल करायचा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी राउटर स्वतः पुन्हा सुरू होतो आणि जुन्या रूपात येतो. सगळं ठीक असेल तर रीलोड रद्द करून साठवायचं. जुनॉसमध्ये हीच खबरदारी ‘कमिट कन्फर्म्ड’ या नावाने मुळातच दिलेली आहे. तिथेही न सांगितल्यास मुदत दहा मिनिटांचीच.

तिसरी जागा वाचनाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एखाद्या पोर्टची स्थिती ‘अप’ आणि प्रोटोकॉल ‘डाउन’ दिसला, तर बिघाड केबलमध्ये शोधायचा की वरच्या थरात? ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर बिघाड नाहीच, कोणीतरी पोर्ट मुद्दाम बंद केला आहे. ‘शो व्हीलॅन ब्रीफ’मध्ये एक पोर्ट दिसतच नाही म्हणून नवखा घाबरतो. तो पोर्ट ट्रंक झालेला असतो आणि ट्रंक त्या यादीत दाखवले जात नाहीत. एका टोकाला सीआरसीच्या चुका वाढत आहेत आणि दुसऱ्या टोकाला उशिराच्या टकरी, तर एक बाजू फुल डुप्लेक्स आणि दुसरी हाफ आहे, हे अनुभवी माणूस दोन आकड्यांवरून ओळखतो. एखादा संगणक नेमका कुठल्या स्विचच्या कुठल्या पोर्टवर आहे, हे मॅक पत्त्यांच्या तक्त्यावरून आणि शेजारी उपकरणांच्या यादीवरून एकेक पाऊल मागे जात शोधणं हेही याच जातीचं. यात टाइप करण्यासारखं जेमतेम चार शब्दांचं असतं. बाकी सगळं उत्तर समजण्यात.

आक्षेप जुनाच आहे

कमांड लाइनवर टीका करणारे पहिले लोक बाहेरचे नव्हते. शेकडो राउटर सांभाळणाऱ्यांनाच ती पुरेना. १९९०मध्ये डॉन लिब्सने ‘एक्सपेक्ट’ हे साधन लिहिलं. माणसाच्या जागी बसून ते प्रॉम्प्टची वाट पाहतं आणि ठरलेलं उत्तर टाइप करतं. अनेकांनी त्यावर आपापल्या स्क्रिप्ट उभ्या केल्या. पण उपकरणाची आवृत्ती बदलली आणि छापील उत्तरात एक जागा इकडची तिकडे झाली, की स्क्रिप्ट कोसळायची.

त्याच काळात एसएनएमपी हा व्यवस्थापनाचा प्रमाणित प्रोटोकॉल आला. त्यातून मूल्यं वाचता येत आणि बदलताही येत. प्रत्यक्षात लोकांनी तो आलेख काढायला आणि अलार्म वाजवायला वापरला, कॉन्फिगरेशनसाठी नाही. असं का झालं, हे समजून घ्यायला इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने जून २००२मध्ये नेटवर्क चालवणाऱ्यांना आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना एकत्र बसवलं. त्या बैठकीचा वृत्तांत २००३मध्ये आरएफसी ३५३५ म्हणून प्रसिद्ध झाला. आजच्या वादात बोलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, इतका तो सरळ आहे. चालवणाऱ्यांच्या मागण्या साध्या होत्या. माणसाने ठरवलेलं कॉन्फिगरेशन आणि उपकरणाची चालू स्थिती वेगळी दिसावी. कॉन्फिगरेशन मजकुराच्या रूपात बाहेर काढता यावं, तुलना करता यावी, परत भरता यावं. आणि अनेक उपकरणांवरचा बदल एकतर पूर्ण व्हावा किंवा अजिबात होऊ नये.

त्यातून २००६मध्ये नेटकॉन्फ आणि २०१०मध्ये यांग ही कॉन्फिगरेशनचं प्रारूप लिहिण्याची भाषा आली, आणि २०१७मध्ये वेबच्या पद्धतीने चालणारं रेस्टकॉन्फ. दरम्यान स्टॅनफर्डमधून २००८मध्ये ओपनफ्लो आलं. राउटरचं डोकं काढून एका मध्यवर्ती नियंत्रकाकडे द्यायचं, ही त्यामागची कल्पना. २०११मध्ये तिच्यासाठी ओपन नेटवर्किंग फाउंडेशन उभं राहिलं. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या जाळ्यात ती मोठ्या प्रमाणावर राबवली आणि २०१३मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमांड लाइन पाच वर्षांत संपेल अशी भाकितं तेव्हाची. सामान्य कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये तसं काही झालं नाही. ज्या कल्पना टिकल्या त्या वेगळ्या नावांनी, वेगळ्या उत्पादनांत शिरल्या.

आजच्या भूमिका

पहिली भूमिका कमांड लाइन आधी असं मानणाऱ्यांची. प्रोटोकॉल समजायचा तर तो हाताने उभा करावा, मोडावा, पुन्हा उभा करावा, असं ते म्हणतात. ओएसपीएफचे शेजारी का जुळत नाहीत, हे हॅलो आणि डेडचे आकडे दोन्ही राउटरवर शेजारी ठेवून पाहिलं की डोक्यात बसतं. शिवाय कुठलंही वरचं साधन बंद पडलं तरी कन्सोल पोर्ट उरतो. या भूमिकेची कच्ची बाजू म्हणजे ती एकाच कंपनीच्या बोलीला नेटवर्किंग समजून बसते. कमांड पाठ असलेला, पण पॅकेट कुठून कुठे जाईल ते कागदावर सांगू न शकणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्यांना नवा नाही.

दुसरी भूमिका ऑटोमेशनवाल्यांची. पाचशे स्विचवर एकच बदल पाचशेदा हाताने करणाऱ्याच्या हातून चूक होणारच, आणि प्रत्येक उपकरण मूळ आराखड्यापासून थोडं थोडं सरकत जाणार, हा त्यांचा मुद्दा आकड्यांशिवायही पटण्यासारखा आहे. म्हणून कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवायचं, गिटमध्ये त्याचा इतिहास ठेवायचा, दुसऱ्याने तपासायचं आणि मग अ‍ॅन्सिबल किंवा पायथनने ते उपकरणांवर पाठवायचं. बॅटफिशसारखी साधनं तर बदल लागू होण्यापूर्वीच, फाइली वाचून, कुठला मार्ग तुटेल ते सांगतात.

इथे एक गंमत आहे. नेटमिको हे पायथनमधलं अतिशय लोकप्रिय साधन आतून काय करतं? एसएसएचने उपकरणावर शिरतं, प्रॉम्प्टची वाट पाहतं आणि कमांड टाइप करतं. अ‍ॅन्सिबलमधली सिस्कोची नेहमीची मॉड्यूलंही याच वाटेने जातात. उत्तर वाचायला टेक्स्टएफएसएमसारखे साचे वापरले जातात, म्हणजे माणसासाठी छापलेला तक्ता यंत्राने पुन्हा उलगडायचा. नेटकॉन्फ येऊन दोन दशकं होत आली तरी हे चालू आहे. जुनी उपकरणं, निम्म्याच गोष्टी व्यापणारी प्रारूपं आणि प्रत्येक कंपनीची स्वतःची वेगळी यांग ही त्याची कारणं. ऑटोमेशनमध्ये शिरलेला माणूस म्हणूनच कमांड लाइनपासून सुटत नाही. उलट ती त्याला अधिक काटेकोरपणे माहीत असावी लागते. ‘अ‍ॅड’ विसरलेली ओळ पाचशे स्विचवर एकाच मिनिटात गेली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

तिसरी भूमिका डॅशबोर्डवाल्यांची. सिस्कोने २०१२मध्ये १२० कोटी डॉलरला मेराकी घेतली, ज्युनिपरने २०१९मध्ये मिस्ट घेतली. स्विच खोक्यातून काढायचा, इंटरनेटला जोडायचा आणि बाकी सगळं ब्राउझरमधून. शाळा, दुकानांच्या साखळ्या, छोटी ऑफिसं यांना हे परवडतं, कारण तिथे नेटवर्कचा माणूस नसतोच. आक्षेप दोन. वर्गणी संपली की उपकरणाचं काय, हा पहिला. दुसरा म्हणजे डॅशबोर्ड जे दाखवत नाही ते विचारायची सोय तुटपुंजी असते. वेब पडद्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही आहे, आणि तो क्लाउडपेक्षा उपकरणावरच्या वेब पानांना अधिक लागू आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई या प्रणालीतल्या वेब पानात दहापैकी दहा तीव्रतेची त्रुटी सापडली आणि जगभरात हजारो उपकरणांत घुसखोरी झाली. पहिला सल्ला होता तो इंटरनेटला उघड्या असलेल्या उपकरणांवरचा वेब सर्व्हर बंद करण्याचा. तो बंद करायचा तर ‘नो’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी. पण कमांड लाइनवाल्यांनी फार खूश होऊ नये. वर्षानुवर्षं उघडं ठेवलेलं टेलनेट आणि एखाद्या वेबसाइटवर क्षणात उलगडणारे ‘टाइप ७’ पासवर्ड ही त्यांच्याच घरची देणगी आहे.

चौथी भूमिका अजून आकार घेते आहे. भाषा प्रारूपांना साध्या शब्दांत सांगितलं की ती कॉन्फिगरेशन लिहून देतात, आणि ओळखीच्या रचनांसाठी ते बरंच चांगलं असतं. धोका असा की ती एका कंपनीची ओळ दुसरीच्या कॉन्फिगरेशनमध्ये मिसळतात, आणि नसलेली कमांडही ठामपणे देतात. नसलेली कमांड उपकरण नाकारतं, त्यामुळे ती बिचारी निरुपद्रवी. असलेली पण चुकीच्या जागी दिलेली कमांड पकडायला वाचणारा माणूस लागतो.

मोठ्या आउटेजमधून काय दिसतं

कमांड लाइनवाले आणि ऑटोमेशनवाले दोघेही आपल्या समर्थनार्थ गेल्या काही वर्षांतले मोठे बिघाड पुढे करतात. जवळून पाहिलं तर ते कोणाच्याच बाजूने पुरते झुकत नाहीत.

४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. जागतिक जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली आणि तिने सगळे दुवे पाडले. अशा कमांड अडवणारं तपासणी साधन होतं, पण त्यातच दोष होता. मग दुरून कोणाला आत शिरता येईना. अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं आणि तिथल्या कडक सुरक्षेमुळे उपकरणाला हात लागायलाही वेळ गेला. हा हाताने दिलेल्या कमांडचा दोष, ऑटोमेशनचा दोष की कन्सोलची गरज सिद्ध करणारा प्रसंग? तिन्ही वाचनं बरोबर आहेत.

८ जुलै २०२२ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे १.२ कोटींहून अधिक ग्राहक संपर्काबाहेर गेले. राउटरच्या कॉन्फिगरेशनमधून एक गाळणी काढली गेली, मार्गांचा लोंढा मध्यवर्ती राउटरवर आला आणि ते कोलमडले. काम टप्प्याटप्प्याने चाललं होतं. आधीचे टप्पे सुरळीत झाले म्हणून जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने या टप्प्याची जोखीम कमी ठरवली होती. आणखी वाईट म्हणजे उपकरणांवर शिरण्याची व्यवस्थापनाची वाट त्याच जाळ्यावर अवलंबून होती. जाळं पडलं तशी वाटही गेली, आणि नोंदी पाहता येत नसल्याने कारण कळायलाच कित्येक तास लागले. म्हणजे विचारणं जमणारी माणसं होती, पण विचारायला दारच नव्हतं.

ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ला ऑप्टसचे सुमारे ९० राउटर, आलेल्या मार्गांची संख्या मर्यादेबाहेर जाताच, स्वतःहून जाळ्यापासून अलग झाले. मर्यादा उपकरणात ते बनवणाऱ्या कंपनीकडूनच आलेली, कोणी टाइप न केलेली. अनेक ठिकाणी माणसं पाठवावी लागली. न लिहिलेली ओळही कॉन्फिगरेशनचाच भाग असते, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि क्लाउडफ्लेअर, २१ जून २०२२. एका बदलात धोरणातल्या काही अटींचा क्रम बदलला, नकार देणारी अट वर गेली आणि १९ डेटा सेंटर बाहेरच्या जगापासून तुटली. बदल लिहिलेला होता, इतरांनी तपासलेला होता. कंपनीने जुन्या-नव्या ओळींमधला फरक नंतर जाहीर केला. तो पाहिल्यावर दोष कळतो, पण आधी तो कोणाच्या डोळ्यांत आला नव्हता. इथे गिट, तपासणी, टप्पे सगळं होतं. कमी पडलं ते वाचन.

शिकवणं आणि नोकरी

सिस्कोने फेब्रुवारी २०२०मध्ये परीक्षांची मांडणी बदलली. नव्या सीसीएनएत ऑटोमेशनला १० टक्के वजन मिळालं, आयपी जोडणीला २५. त्याच वेळी सॉफ्टवेअरच्या बाजूने येणाऱ्यांसाठी डेव्हनेट ही वेगळी शाखा काढली. २०२४च्या सुधारणेत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि क्लाउडवरून व्यवस्थापन हे विषय आत आले. म्हणजे कमांड लाइनचा बालेकिल्ला सांभाळणाऱ्या कंपनीनेच नव्या बाजूला दार उघडलं, पण पाया हलवला नाही.

सरावाची साधनं आता महाग राहिली नाहीत. पॅकेट ट्रेसर फुकट आहे, जीएनएस३, ईव्ह-एनजी आणि कंटेनरलॅब आहेत. एफआरआरसारखा मुक्त राउटर कुठल्याही लिनक्सवर चालतो आणि त्याची कमांड लाइन सिस्कोच्याच वळणाची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेला स्विच शोधायला जाणारे आजही आहेत, आणि त्यांचं चूक नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये निम्म्या कमांड नसतात आणि खराब केबल तर मुळीच नसते.

आपल्याकडच्या शिक्षणाची अडचण वेगळी आहे. ‘डंप’ म्हणजे पाठ करायच्या प्रश्नोत्तरांची गठडी. ती घेऊन परीक्षा सुटते. पुण्या-मुंबईच्या सपोर्ट सेंटरमध्ये एल-वन, म्हणजे पहिल्या पातळीचा मदतनीस, म्हणून रात्रपाळीला बसलेल्या मुलाला मात्र बहुधा काही बदलण्याचे हक्कच नसतात. त्याला फक्त ‘शो’ चालवता येतं आणि त्यावरून तिकिटात दोन ओळी लिहायच्या असतात. वर्गात तो महिनाभर कॉन्फिगरेशन टाइप करायला शिकला, कामावर पहिलं वर्ष वाचण्यात जातं. छोट्या गावांतल्या केबल आणि इंटरनेटवाल्यांचं जग आणखी निराळं. तिथे लॅटव्हियाच्या मायक्रोटिकचे राउटर असतात, कॉन्फिगरेशन बहुतेक विनबॉक्सच्या खिडक्यांतून होतं आणि सिस्कोची कमांड कोणाला माहीत नसते. तिथला जाणकार माणूस रांगा, मार्ग आणि जोडण्या यांचं वाचन तरीही उत्तम करतो. प्रमाणपत्रांच्या हिशेबात तो कुठेच बसत नाही.

काय सुटलेलं नाही

शिकवण्याचा क्रम हा पहिला मोकळा प्रश्न. आधी कमांड आणि मग पायथन, हा रूढ क्रम. काही शिक्षक पहिल्या दिवसापासून दोन्ही बरोबर शिकवतात. कुठला मार्ग चांगले इंजिनिअर घडवतो, याबद्दल ज्याला त्याला आपला अनुभव आहे. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला आधीच बिघडवून ठेवलेलं जाळं द्यावं आणि काहीही न बदलता दोष सांगायला लावावा, असं मला वाटतं. हे पसंतीचं मत आहे, सिद्धान्त नव्हे.

दुसरा प्रश्न कॉन्फिगरेशनच्या प्रारूपांचा. गूगलसारख्या मोठ्या जाळी चालवणाऱ्यांनी पुढे आणलेलं ओपनकॉन्फिग सर्व कंपन्यांना एका छताखाली आणू पाहतं. पण प्रत्येक नवं वैशिष्ट्य आधी कंपनीच्या स्वतःच्या कमांडमध्ये येतं आणि सामाईक प्रारूपात उशिरा, किंवा येतच नाही. हे अंतर मिटेल की व्यापारी स्पर्धेमुळे कायम राहील, यावर कमांड लाइनचं आयुष्य बरंचसं अवलंबून आहे. जुलै २०२५मध्ये एचपीईने ज्युनिपर ताब्यात घेतली. असे व्यवहार बोलींची संख्या घटवतात की नुसती नावं बदलतात, ते दिसायला वेळ लागेल.

तिसरा आपत्कालीन वाटेचा. रॉजर्सनंतर स्वतंत्र व्यवस्थापन जाळं हवं, याबद्दल कोणी वाद घालत नाही. पण ज्या पिढीने कन्सोल केबल कधी लावलीच नाही, तिच्याकडून मध्यरात्री, डॅशबोर्ड नसताना काय अपेक्षा करायची? अग्निशमनाची कवायत होते तशी कन्सोलची कवायत ठेवणाऱ्या संस्था फार थोड्या.

शेवटचा प्रश्न रोजगाराच्या शिडीचा, आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलं आहे. भाषा प्रारूपं आणि स्वयंचलित निदान सर्वांत आधी जे काम उचलणार ते एल-वनचं, म्हणजे अलार्म पाहणं, चार ‘शो’ चालवणं, तिकीट लिहिणं. आजचे अनुभवी इंजिनिअर उत्तरं वाचायला शिकले ते याच कंटाळवाण्या रात्रपाळ्यांत. ती पायरी निघाली, तर वर चढणारा माणूस वाचायला कुठे शिकणार, याचं उत्तर परीक्षा घेणाऱ्यांकडे नाही, ऑटोमेशनवाल्यांकडेही नाही.